बटणे कोणी लावायची, गोळी कोणी द्यायची?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू कमजोर झाली असून, रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यावर आम्ही त्यांना दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात ठेवले आहे. दीड महिना झाला, पण तेथे कोण कशासाठी आहे हे मला अजून नीट कळलेले नाही. त्यांचा खांदा दुखतो म्हणून मी मदतनीस मावशींकडे साधी वेदनाशामक गोळी मागितली, तर त्या म्हणाल्या, "सिस्टरना विचारा." सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारून सांगते." डॉक्टर तर रोज येतच नाहीत. वडिलांना सदऱ्याची बटणे स्वतः लावायला लावतात आणि मावशी शेजारी नुसत्या उभ्या असतात. मी पेल्याने पाणी पाजत होते, तर मला थांबवले. ते खुर्चीतून दोनदा घसरले, तरी केंद्रातले लोक त्यांना पट्टा बांधायला नकार देतात. आता केअर प्लॅनची बैठक ठरली आहे. तीत मी काय विचारावे, आणि लांब राहणाऱ्या भावालाही बोलवावे का? आम्ही वडिलांना तेथे टाकले आहे, असे त्याचे म्हणणे आहे.

ताई, नमस्कार.

तुमच्या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. रुग्णालयात तुम्ही ज्या व्यवस्थेला सरावलात ती येथे नाही, आणि तिचे नसणे हा हलगर्जीपणा आहे की कामाची पद्धत, हे तुम्हाला कोणी समजावून सांगितलेले नाही. रुग्णालयाचा दिवस आजाराभोवती फिरतो. शुश्रूषा केंद्राचा दिवस माणसाच्या उठण्याबसण्याभोवती, जेवणाअंघोळीभोवती फिरतो, कारण येथला मुक्काम महिन्यांचा किंवा वर्षांचा असतो. म्हणून येथे प्रमुख कोण, असे विचारण्यापेक्षा कोणाला काय दिसते आणि ते ठरवणाऱ्यापर्यंत कसे पोहोचते, असे विचारले तर बरेच काही उलगडते. ज्यांना सर्वांत जास्त दिसते त्यांना येथे सर्वांत कमी ठरवता येते, आणि ज्यांना सर्वांत जास्त ठरवता येते ते सर्वांत कमी वेळ हजर असतात. या दोन टोकांमधला निरोप नीट पोहोचावा म्हणूनच बाकीची सारी यंत्रणा असते, आणि ती बिघडते तीही बहुतेक वेळा याच निरोपात.

सर्वांत जास्त पाहणाऱ्या त्या मावशी. अंघोळ, कपडे, शौचाला नेणे, पलंगावरून खुर्चीत बसवणे, भरवणे, कूस बदलणे ही सारी कामे मदतनीसांकडे असतात. टाचेवरचा नवा लालसर डाग, कालपेक्षा अर्धे राहिलेले ताट, लघवीचा बदललेला वास, उठताना आज पहिल्यांदाच डळमळलेला पाय, हे सारे प्रथम त्यांनाच दिसते. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने मदतनीसांसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. एवढ्या नाजूक कामासाठी ७५ तास मला तुटपुंजे वाटतात, पण त्याआधी देशभर लागू असलेली अशी किमान अटही नव्हती. मात्र औषध देणे किंवा न देणे, मात्रा बदलणे, जखमेवर काय लावायचे ते ठरवणे, हे मदतनीसांच्या कामात बसत नाही. तेव्हा मावशींनी तुम्हाला सिस्टरकडे पाठवले ते टाळाटाळ म्हणून नव्हे. उलट, पर्समधली एखादी गोळी त्यांनी मुकाट्याने काढून दिली असती, तर मी तुम्हाला ते केंद्र सोडायला सांगितले असते.

ज्या गोळीला आपण साधी म्हणतो ती तुमच्या वडिलांच्या बाबतीत साधी नसण्याचीच शक्यता जास्त आहे. पक्षाघातानंतर अनेकांना रक्त पातळ ठेवणारी औषधे सुरू असतात, आणि दुखण्यावरच्या काही नेहमीच्या गोळ्या त्यांच्यासोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. मूत्रपिंडावर आणि रक्तदाबावरही त्यांचा परिणाम होतो. पॅरासिटामॉल त्यामानाने निर्धोक, पण त्याचीही दिवसाची मर्यादा असते, आणि मागची गोळी किती वाजता दिली होती हे चार्ट पाहिल्याखेरीज कळत नाही. गरज पडल्यास द्यायची औषधे डॉक्टर आधीच लिहून ठेवू शकतात. वडिलांच्या चार्टवर तशी नोंद असती, तर सिस्टरना प्रत्येक वेळी फोन करावा लागला नसता. बैठकीत ही सोय मागून घ्या.

पण गोळीच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो कोणी विचारल्याचे तुमच्या पत्रात दिसत नाही. खांदा कोणता दुखतो? उजवा असेल, म्हणजे कमजोर बाजूचा, तर दुखण्याचे कारण हाताळणीतही असू शकते. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात, हाताचे वजन सांध्याला खाली ओढत राहते, आणि अशा वेळी घाईत कोणी मनगट धरून किंवा काखेत हात घालून उठवले की सांधा दुखावतो. सदरा घालताना कमजोर हात आधी बाहीत जातो, आणि काढताना तो सर्वांत शेवटी बाहेर येतो. पहिल्याच दिवशी शिकवली जाणारी ही गोष्ट घाईच्या सकाळी पाळली जाते का, हे एकदा शांतपणे उभे राहून पाहा. खुर्चीत बसल्यावर त्या हाताखाली उशी किंवा आधार असतो का, तेही पाहा. जे दिसेल ते फिजिओथेरपिस्टना सांगा. खांद्याचे दुखणे त्यांच्या अखत्यारीत येते, आणि मदतनीसांना उचलण्याची योग्य रीत दाखवणे हेही त्यांचेच काम आहे.

सिस्टरांची जागा या साखळीच्या मधोमध आहे. मावशींनी सांगितलेले ऐकायचे, स्वतः तपासायचे, नाडी, ताप, रक्तदाब पाहायचा, नोंद करायची आणि यातले काय उद्यापर्यंत थांबू शकते व कशासाठी डॉक्टरांना आत्ताच फोन केला पाहिजे, हे ठरवायचे. चांगल्या परिचारिकेचे कौशल्य या शेवटच्या निवडीत दिसते. दर शिफ्टला एक सिस्टर दुसरीला ओव्हर देते, म्हणजे प्रत्येक रहिवाशाची स्थिती सांगून जबाबदारी सोपवते, आणि बऱ्याच गोष्टी नेमक्या तेव्हाच गळतात. म्हणून शिफ्ट बदलण्याच्या अर्ध्या तासात काही महत्त्वाचे सांगू नका. आधी किंवा नंतर सांगा, आणि नोंद केली का, असे नम्रपणे विचारा. सांगतानाही 'बाबा बरे दिसत नाहीत' एवढ्यावर थांबू नका. 'काल दुपारपासून ते डाव्या कुशीला वळायला नको म्हणतात आणि वळवले की कण्हतात' असे सांगितले, तर सिस्टरना कोठे हात लावून पाहायचे ते कळते आणि डॉक्टरांना फोनवर काय सांगायचे तेही.

डॉक्टर रोज येत नाहीत, ही तक्रार मला जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडून ऐकायला मिळते. स्थिर प्रकृतीच्या रहिवाशाला दीर्घकालीन केंद्रात डॉक्टर रोज तपासतील, अशी अपेक्षा सहसा नसते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत किमान अट अशी आहे की पहिल्या ९० दिवसांत दर ३० दिवसांनी आणि त्यानंतर दर ६० दिवसांनी एकदा डॉक्टरांची भेट झाली पाहिजे. हा आकडा वाचून तुम्हाला कदाचित धक्का बसेल. पण ही किमान अट आहे, आणि प्रकृतीत बदल झाला की ताबडतोब डॉक्टरांना कळवणे तिच्याबरोबर गृहीत धरलेले आहे. म्हणून डॉक्टर किती वेळा येतात, यापेक्षा दोन गोष्टींची उत्तरे मिळवा: रात्री दोन वाजता ताप चढला तर फोन कोणाला जातो, आणि तो फोन उचलणाऱ्याला वडिलांचा पूर्वेतिहास ठाऊक असतो का? या उत्तरांत चाचरणे दिसले, तर काळजी करण्यासारखे काही आहे असे समजा.

इतरांविषयी थोडक्यात. परिचारिकांच्या कामाची जबाबदारी मेट्रन किंवा इनचार्ज सिस्टरकडे, आणि इमारत, कर्मचारी, हिशेब, करार व नियमांचे पालन यांची व्यवस्थापकांकडे असते. समाजसेविका कुटुंब आणि संस्था यांच्यातला दुवा असते, आणि बैठका, कागदपत्रे, आर्थिक मदतीचे मार्ग, रूममेटशी न पटणे, अशा अनेक गोष्टी तिच्याकडे नेता येतात. आहारतज्ज्ञ वजनावर लक्ष ठेवतात. महिन्याभरात वजन पाच टक्क्यांनी घटले, तर ती धोक्याची खूण मानली जाते, म्हणून वडिलांचे दाखल होतानाचे आणि आजचे वजन विचारून घ्या. औषधांची संपूर्ण यादी ठरावीक काळाने कोणी तरी, शक्यतो फार्मासिस्टने, तपासायला हवी, कारण रुग्णालयात काही दिवसांसाठी सुरू केलेली गोळी पुढे वर्षानुवर्षे चालू राहिल्याची उदाहरणे हवी तेवढी सापडतात.

आता बटणांकडे येतो. तुम्हाला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट हीच आहे, हे पत्रावरून जाणवते, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत आश्वासक गोष्टही हीच आहे.

अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये रोजच्या जगण्यातल्या सहा क्रियांवरून माणसाचे परावलंबन मोजण्याची रीत मांडली. अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, पलंगावरून उठून दुसरीकडे बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे, या त्या सहा क्रिया. त्यांच्या निरीक्षणानुसार या क्षमता साधारणपणे याच क्रमाने सुटत जातात आणि परत येतात त्या उलट क्रमाने: घास तोंडापर्यंत नेणे आधी जमते, एकट्याने अंघोळ सर्वांत शेवटी. आजही शुश्रूषा केंद्रात कोणाला किती मदत लागते, हे प्रामुख्याने याच क्रियांवरून ठरते. फोन करणे, पैशांचा हिशेब ठेवणे, औषधे वेळेवर घेणे, खरेदी करणे, अशा त्याहून गुंतागुंतीच्या कामांची यादी लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये केली; घरी एकट्याने राहता येईल का, हे ठरवताना ती उपयोगी पडते. तुमच्या वडिलांच्या आराखड्यात, म्हणजे केअर प्लॅनमध्ये, या प्रत्येक क्रियेपुढे 'स्वतः', 'देखरेखीखाली', 'थोडी मदत', 'पूर्ण मदत' असे काही तरी लिहिलेले असेल. कपड्यांपुढे 'देखरेखीखाली' लिहिले असेल, तर मावशी जे करतात तेच त्यांनी करायला हवे.

जी क्रिया दुसरे कोणी आपल्यासाठी करू लागते ती आपल्या हातून लवकर जाते. वृद्धापकाळात न वापरलेला स्नायू भराभर अशक्त होतो, आणि पक्षाघातानंतर मेंदूला नवी वाट सापडते ती पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नांतूनच. एका हाताने बटण लावताना अंगठ्याने काज उघडायचे, तर्जनीने बटण तिरके धरून आत सरकवायचे आणि मग पलीकडून ओढायचे. रोजची कामे पुन्हा जमवून देणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट ही युक्ती टप्प्याटप्प्याने शिकवतात. शेजारी नुसते उभे राहणे हे मदतनीसासाठी बटण लावून टाकण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण तिच्या पुढच्या चार खोल्या खोळंबलेल्या असतात आणि लावून टाकले तर अर्ध्या मिनिटात मोकळे होता येते. बहुतेक ठिकाणी नेमके तेच होते. तरीही एक मर्यादा आहे. चौथ्या बटणापाशी वडील थकून हताश होत असतील, थरथरत असतील, तर उरलेली मावशींनी लावावीत, आणि ती कोणत्या क्षणी लावायची हे आराखड्यात लिहिलेले असावे. तुम्ही भेटायला जाल तेव्हा मात्र प्रेमापोटी ती लावून देऊ नका.

पेल्याच्या पाण्याबाबत तुम्हाला थांबवणाऱ्या व्यक्तीने ते जरा गोड शब्दांत करायला हवे होते, पण थांबवले ते योग्यच केले. पक्षाघातानंतर गिळण्यात अडथळा येणे अतिशय सामान्य आहे, आणि अशा माणसाला घट्ट पदार्थांपेक्षा पातळ पाणी बऱ्याचदा जास्त धोक्याचे ठरते, कारण ते वेगाने घशात उतरते आणि श्वासनलिका वेळेवर बंद होत नाही. पाणी फुप्फुसात गेले की ठसका लागेलच, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात घशाची संवेदना मंदावलेली असेल तर ठसका न लागताही ते आत जाते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणूनच स्पीच थेरपिस्ट, ज्यांचे काम बोलण्याइतकेच गिळण्याशीही निगडित असते, पेयाला किती दाटपणा हवा ते ठरवून देतात. पाजताना वडील ताठ बसलेले हवेत, घोट लहान हवा, पहिला घोट उतरल्याखेरीज दुसरा नको, आणि नंतर साधारण अर्धा तास त्यांना आडवे करू नये. उजव्या गालात अन्न साठून राहते का, हेही पाहावे, कारण त्या बाजूची जाणीव कमी असल्याने त्यांना ते कळणार नाही. दात आणि तोंड दिवसातून दोनदा स्वच्छ करणे ही न्यूमोनिया टाळण्याची फारशी चर्चेत नसलेली, पण परिणामकारक गोष्ट आहे. दाट केलेले पाणी अनेकांना नकोसे होते आणि ते कमी पितात, त्यामुळे शरीरातले पाणी घटण्याचा धोका उभा राहतो. म्हणून गिळण्याची तपासणी पुन्हा कधी होणार, ही तारीख बैठकीत मागाच. एकदा घातलेले बंधन कोणी पुन्हा न तपासल्यामुळे कायमचे होऊन बसते, हा या क्षेत्रातला जुना दोष आहे.

पट्ट्याबाबत मी तुमच्या बाजूने नाही. बांधले की माणूस पडत नाही, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की अनेक दशके शुश्रूषा केंद्रांतही सर्रास बांधून ठेवले जात असे. अमेरिकेच्या त्याच १९८७ च्या कायद्याने शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रहिवाशांना बांधण्यास मनाई केली, आणि त्यानंतर तेथे हे प्रमाण खूप घटले. बांधलेल्या माणसाचे स्नायू अशक्त होतात, बद्धकोष्ठता आणि बेडसोर (एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमा) वाढतात, चिडचिड आणि गोंधळ वाढतो, आणि सुटण्याच्या धडपडीत तो अधिक वाईट रीतीने पडतो. पलंगाच्या कठड्यांचेही असेच आहे: माणूस कठड्यावरून चढून उतरायला जातो आणि पलंगाच्या उंचीऐवजी कठड्याच्या उंचीवरून खाली येतो, किंवा फटीत अडकतो. तुमचे म्हणणे वेगळ्या शब्दांत मांडले तर ते रास्त आहे. वडील दोनदा घसरले ते किती वाजता? जेवणानंतर किती वेळाने? त्या वेळी त्यांना लघवीला जायचे होते का? पायांत मोजे होते की घट्ट चप्पल? खुर्चीची बैठक पुढे उतरती आहे का, आणि कमजोर बाजूला पाठीचा आधार आहे का? प्रत्येक घसरण्याची लेखी नोंद झालेली असली पाहिजे आणि त्या नोंदीतून काही तरी बदललेले दिसले पाहिजे. दुसऱ्या वेळी घसरल्यानंतर केंद्राने खुर्ची, वेळापत्रक किंवा देखरेख यांपैकी काहीही बदलले नसेल, तर ती तुमची खरी तक्रार आहे. ती लेखी करा.

तुम्ही विचारले नाही, तरी बेडसोरविषयी सांगतो, कारण एक बाजू कमजोर असलेल्या माणसाला तो फार लवकर होतो. माकडहाड, नितंबाची हाडे आणि टाचा ही त्याची आवडती ठिकाणे. किती धोका आहे हे मोजण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली ब्रेडन मापनश्रेणी बऱ्याच ठिकाणी वापरतात. तिच्यात ६ ते २३ गुण असतात, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. वडिलांचे गुण विचारा. अंथरुणात कूस बदलण्याचे वेळापत्रक साधारण दर दोन तासांचे असते, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला त्याहून अधिक वेळा भार हलवावा लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. सुरुवातीची खूण म्हणजे बोटाने दाबल्यावरही न फिकटणारा डाग. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून तेथे आजूबाजूपेक्षा उष्ण, कडक किंवा दुखरा वाटणारा भाग हाताने चाचपून शोधावा लागतो.

या साखळीत तुमची स्वतःचीही एक जागा आहे, आणि ती दुसरे कोणी भरून काढू शकत नाही. वडील आधी कसे होते, हे फक्त तुम्हाला आणि तुमच्या भावाला ठाऊक आहे. शांतपणे पडून राहिलेला वृद्ध माणूस नव्या सिस्टरला समंजस वाटेल. त्यांना ओळखणाऱ्या मुलीला मात्र कळेल की हे आपले वडील नव्हेत. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस गोंधळला, सुस्तावला, बोलताना धागा हरवू लागला, तर त्याला स्मृतिभ्रंश समजून सोडून देऊ नये. स्मृतिभ्रंश हळूहळू, महिन्या-वर्षांत वाढतो. अचानक आलेल्या गोंधळाला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. त्यामागे बहुधा संसर्ग, पाणी कमी पडणे, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे, दुखणे किंवा नव्याने सुरू झालेले औषध असते, आणि कारण सापडले तर तो अनेकदा उतरतो. ज्या प्रकारात माणूस आरडाओरडा करतो तो सर्वांना दिसतो. ज्यात तो नुसताच पेंगत राहतो तो निसटतो. असा बदल दिसला तर 'कालपर्यंत असे नव्हते' हे वाक्य स्पष्टपणे, वेळ सांगून, सिस्टरना सांगा. आणि चेहरा नव्याने वाकडा झाला, बोबडी वळली किंवा दुसरा हात लुळा पडला, तर तो पुन्हा आलेला पक्षाघात असू शकतो. त्या क्षणी कोणाच्याही पाळीची वाट न पाहता तातडीची मदत मागवायला लावा.

आता बैठक. केअर प्लॅन म्हणजे सही करायचा आणखी एक कागद, असे समजू नका. वडिलांची कोणती अडचण आहे, ती कितपत सुधारावी अशी अपेक्षा आहे, त्यासाठी कोण, केव्हा, काय करणार आणि हे पुन्हा कधी तपासणार, एवढे त्यात असायला हवे. 'चालणे सुधारणे' हे लिहून काहीच साधत नाही. 'एका मदतनिसाच्या आधाराने रोज दोनदा खोलीपासून जेवणघरापर्यंत चालणे. सहा आठवड्यांनी फिजिओ तपासतील' असे लिहिले, तर कोणाला काय करायचे ते कळते आणि तुम्हालाही ते होते की नाही हे पाहता येते. हा आराखडा मावशींपर्यंत कसा पोहोचतो, हे आवर्जून विचारा. पुष्कळ ठिकाणी तो फाइलमध्येच राहतो. शक्य असेल तर रोज त्यांचे करणाऱ्या एका मदतनिसाला बैठकीत दहा मिनिटे बसवावे, अशी विनंती करा. आणि वडील स्वतः बैठकीत हवेत. त्यांचे बोलणे तुटक असले तरी मान हलवून, बोट दाखवून त्यांना पुष्कळ सांगता येईल. त्यांना किती वाजता उठायला आवडते, अंघोळ सकाळी हवी की संध्याकाळी, दुपारी दार बंद हवे की उघडे, हे त्यांनी ठरवावे. संस्थेच्या सोयीपुढे पहिला बळी याच गोष्टींचा जातो.

प्रकृती आणखी बिघडली तर पुन्हा रुग्णालयात न्यायचे का, नळीने अन्न द्यायचे का, हृदय थांबल्यास ते सुरू करण्याचे प्रयत्न करायचे का, या विषयांवरही वडिलांचे मत ते सांगू शकतात तोवर विचारून ठेवा. एका बैठकीत सगळे नको. पण दर वेळी पुढे ढकलणेही नको. त्रास कमी करण्यावर भर देणारी उपशामक शुश्रूषा इतर उपचारांबरोबरही देता येते, तिच्यासाठी अखेरच्या दिवसांची वाट पाहावी लागत नाही.

काही खटकले तर आधी त्या शिफ्टच्या सिस्टर, मग मेट्रन, मग व्यवस्थापक, या पायऱ्यांनी जा. बहुतेक गोष्टी पहिल्या दोन पायऱ्यांवरच सुटतात, आणि सरळ व्यवस्थापकांकडे गेल्यास खालच्या माणसांशी रोजचे संबंध उगाच कडवट होतात. मात्र अंगावर कारण न सांगता आलेले वळ, ठरावीक व्यक्ती खोलीत आली की दबकणारे वडील, तुम्हाला एकट्याने भेटू न देणे, पैसे किंवा वस्तू गहाळ होणे, यांपैकी काही दिसले तर पायऱ्या सोडून द्या. त्याच दिवशी व्यवस्थापकांना लेखी कळवा, तारीख घालून छायाचित्रे ठेवा आणि संस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या शासकीय यंत्रणेकडेही जा.

राहिला तुमच्या भावाचा प्रश्न. 'टाकले' हा शब्द जे नियमित भेटत नाहीत त्यांच्या तोंडी लवकर येतो, त्यामागे बऱ्याचदा स्वतःच्या अंतराची टोचणी असते, आणि त्याच्याशी वाद घालून काही हाती लागणार नाही. त्याला बैठकीला जरूर बोलवा. प्रत्यक्ष येणे जमत नसेल तर समाजसेविकेला सांगून व्हिडिओ कॉलवर घ्या. त्याआधी त्याला एक काम द्या: वडिलांविषयी एक पानभर माहिती लिहून काढायची. त्यांना काय म्हणून हाक मारलेली आवडते, ते कोणत्या हाताने लिहीत, चष्मा आणि श्रवणयंत्र केव्हा लागते, राग आला की ते काय करतात, कोणत्या विषयावर ते हमखास बोलू लागतात. हे पान पलंगाजवळ ठेवले तर नवीन मदतनिसाला त्याचा आराखड्याइतकाच उपयोग होतो. खाजगी गोष्टी मात्र त्यात नकोत. संस्थेकडे मुख्य संपर्क म्हणून दोघांपैकी एकाचेच, म्हणजे तुमचे, नाव नोंदवा, नाही तर सिस्टरना एकाच दिवशी दोन फोन आणि दोन वेगळ्या सूचना येतील. बैठक संपली की बदललेल्या आराखड्याची प्रत मागून घ्या आणि त्याच संध्याकाळी ती भावालाही पाठवा.